रविवर्म्याची लक्ष्मी आणि मामांचा कृष्ण

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर जी लक्ष्मी बसे ती चांदीची नव्हती, कागदाची होती. शिसवी चौकटीत, काचेमागे, कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी. बाजूला सोंडेत हार धरून आलेला हत्ती. काचेवर दरवर्षी कुंकवाचे एक बोट उठे आणि ते पुसण्याची कोणाची छाती होत नसे. त्यामुळे देवीचे कपाळ शेवटी दिसेनासेच झाले होते. आई तिला ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ म्हणे. रविवर्मा म्हणजे कोणी ऋषी असावा, अशी माझी लहानपणी समजूत होती.

भाऊबीजेला मामा येत. मामा जे. जे. स्कूलचे डिप्लोमाधारी आणि एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर. ते आले की हातपाय धुऊन त्या तसबिरीपुढे बसत. पण नमस्काराला नव्हे. चष्मा कपाळावर सारून ते चित्राच्या तळाशी असलेली बारीक इंग्रजी अक्षरे वाचत. एकदा मी विचारले, “मामा, तिथे काय लिहिलंय?” ते म्हणाले, “रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. चित्र रविवर्म्याचं, छापखान्यावर नाव रविवर्म्याचं. पण अरे, ही प्रत छापली तेव्हा छापखाना काही त्यांचा उरला नव्हता.”

ते वाक्य मी तेव्हा सोडून दिले. पुढे महाराष्ट्रातल्या चित्रकारांनी पोटापाण्याचे काय केले ह्याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की सारी गोष्ट त्या एका वाक्यात होती. चित्र काढतो एक, ते छापतो दुसरा, आणि चित्र जितके लोकांच्या घरात शिरते तितका पहिल्याचा त्याच्याशी संबंध सुटत जातो. गवयाचे तसे नव्हते. गवई मैफलीला आला नाही तर गाणे होत नसे, म्हणून बिदागी त्यालाच द्यावी लागे. चित्रकाराची गरज चित्र हातावेगळे झाल्याक्षणी संपते.

रविवर्म्यांचा जन्म १८४८ सालचा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. राजघराण्याशी सोयरीक, राजाचा आश्रय, १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात पदक, त्याच साली व्हिएन्नाला पदक. अशी त्यांची सुरुवात. त्या काळी चित्रकाराला पैसा मिळण्याची जागा एकच होती, संस्थानिकाचा दरबार. तेव्हा हे गृहस्थ भावाला, सी. राजराज वर्म्यांना, बरोबर घेऊन एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात रंगांच्या पेट्या वाहत हिंडले. बडोद्यास त्यांना प्रथम नेले ते दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी. हे माधवराव तंजावरचे मराठी. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. पुढे सयाजीरावांनी रविवर्म्यांना चौदा पौराणिक चित्रे सांगितली आणि त्यांचे पन्नास हजार रुपये दिले. १८९० च्या सुमारास ही चित्रे तयार झाली, तेव्हा राजवाड्यात लागण्यापूर्वी ती मुंबईत लोकांना दाखवण्यात आली आणि बघणाऱ्यांची रीघ लागली. नळ-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा ही मंडळी लोकांनी कीर्तनात ऐकली होती. हाडामांसाची, अंगावर लुगड्याच्या निऱ्या असलेली अशी ती प्रथमच पाहिली.

ह्या रांगेतल्या माणसाला चित्र हवे होते, पण त्याच्याजवळ पन्नास हजार नव्हते. आठ-बारा आणे होते. माधवरावांनी १८८४ सालीच रविवर्म्यांना पत्र लिहून सुचवले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात. त्यात नावही आहे आणि देशाची सेवाही आहे. रविवर्म्यांनी त्याहून मोठी उडी घेतली. चित्रे परदेशी पाठवण्याऐवजी त्यांनी छापखानाच इथे आणला. १८९४ साली, एका व्यापाऱ्याची भागी घेऊन, मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मन आणि कारागीरही जर्मन. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

शिळाछापाची रीत आज कोणाच्या पाहण्यात नाही म्हणून थोडे सांगतो. बव्हेरियातल्या खाणीतला चुनखडीचा दगड घासून आरशासारखा करायचा, त्यावर चरबीच्या खडूने चित्र उलटे काढायचे, मग दगड ओला करायचा. तेल आणि पाणी ह्यांचे वैर. त्यामुळे शाईचा रूळ फिरवला की शाई खडूच्या रेघांनाच धरते, उरलेला दगड तिला झिडकारतो. हे झाले एका रंगाचे. दहा रंग हवे असतील तर दहा दगड, आणि तोच कागद दहा वेळा, केसाचाही फरक न होता, त्या-त्या दगडावर ठेवायचा. म्हणजे आईच्या लक्ष्मीचा गुलाबी पदर हा खरे पाहता रविवर्म्यांचा नाही. मूळ चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्याचे रंग वेगळे काढणाऱ्या कुणा जर्मन वा मराठी कारागिराचा आहे. त्या कारागिरांची नावे बहुधा कुठे छापली गेली नाहीत.

असल्या धंद्याला भांडवल लागते, धीर लागतो आणि वसुली करणारा माणूस लागतो. दोघे भाऊ चित्रकार. चित्रांच्या मागण्या पुऱ्या करण्यासाठी सदा गावोगाव. धाकट्याची रोजनिशी प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात राजेरजवाड्यांच्या बैठकी, प्रवास आणि छापखान्याची विवंचना ही एकाआड एक येतात. त्यातच १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कामगार पळाले. १८९९ साली छापखाना उचलून लोणावळ्याजवळ मळवलीला नेला; तसबिरीखाली कार्ला-लोणावळा आले ते ह्यामुळे. कर्ज काही हटले नाही. नव्या शतकाच्या आरंभीच दोघा भावांनी यंत्रे, दगड आणि चित्रे छापण्याचे हक्क असा सगळा कारखाना फ्रिट्झ श्लायशर ह्या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. १९०५ साली धाकटा भाऊ गेला, १९०६ साली रविवर्मा गेले. छापखाना मात्र त्याच नावाने कित्येक दशके चालू राहिला. देवघरे भरली, जाहिराती भरल्या, मालाच्या डब्यांवर देव्या चढल्या. १९७२ साली तो आगीत सापडला. रविवर्म्यांनी देव घरोघर पोचवले असे आपण म्हणतो. पण बहुतेक घरी देव पोचवून पैसे घेतले ते श्लायशर आणि त्याच्यामागून आलेल्यांनी.

श्लायशरला मी दोष देत नाही. तो धंदा जाणत होता, त्याने तो चालवून दाखवला. पुण्याच्या चित्रशाळेने तर १८७८ पासूनच शिळाछापाची चित्रे काढली होती आणि रामपंचायतनापासून नाना फडणिसांपर्यंत सगळे मराठी माणसाच्या भिंतीवर आणले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारख्या लेखणीच्या माणसाने चित्रांचा छापखाना काढावा, ह्यावरून त्या व्यवसायातला वाव किती जणांना दिसला होता ते कळते. प्रश्न एवढाच की चित्रकाराला तो वाव पेलतो का.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांनी ह्या प्रश्नाचे उत्तर अगदी वेगळे दिले: त्यांनी नोकरी धरली. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. १८९० च्या जानेवारीत ते जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ च्या जानेवारीत निवृत्त होऊन बाहेर पडले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नावही तसेच दिले, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक, १८९६ मध्ये शिक्षकाची जागा, पुढे हेडमास्तर, आणि १९३० साली काही काळ संचालकाची खुर्ची, जिच्यावर तोवर भारतीय माणूस बसलेला नव्हता. पहिल्या तारखेला पगार. पण ह्या पगाराच्या आसऱ्याने धुरंधरांनी जे काम केले ते पाहिले की थक्क व्हायला होते. रविवर्मा प्रेससाठी देवादिकांची चित्रे, मुंबईच्या बायाबापड्यांची पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके. एडवर्ड्सच्या मुंबईवरील पुस्तकाला चित्रे, किंकेडच्या दख्खनी कहाण्यांना चित्रे, रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकाला चित्रे. छापखान्याला नाही म्हणणे त्यांना ठाऊक नव्हते, आणि छापखान्याचा मालक होण्याची हौसही त्यांना नव्हती. दिवसा सरकारी शाळा, उरल्या वेळात प्रकाशक. त्यांच्या चित्रांत जो एक निर्धास्तपणा आहे, बाजारातली कोळीण काय आणि पेशव्यांचा दरबार काय, सारखेच रमून काढण्याचा, तो मला ह्या पहिल्या तारखेच्या पगाराचा वाटतो. समीक्षकांना हे म्हणणे रुचणार नाही.

पण धुरंधर एकच होते. सर जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेतून जे शेकडो तरुण बाहेर पडले त्यांच्यासाठी संचालकाची खुर्ची नव्हती. त्यांच्यासाठी होती ड्रॉइंगमास्तरकी. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या परीक्षा आपल्यापैकी पुष्कळांनी दिल्या आहेत. समोर मडके, चेंडू आणि घडी घातलेला रुमाल ठेवून. त्या परीक्षांनी महाराष्ट्राला किती चित्रकार दिले हे सांगता येणार नाही, पण किती चित्रकारांना भाकरी दिली हे मी जाणतो. माझे मामा त्यांतलेच. हायस्कुलात ड्रॉइंगमास्तराचे स्थान पी. टी. मास्तराच्या जरा वर आणि संस्कृतच्या शास्त्रीबुवांच्या पुष्कळ खाली. स्नेहसंमेलनाचे पडदे, पाहुण्यांचे मानपत्र, संस्थापकांचे तैलचित्र, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या रुखवतावरची नक्षी. सगळे मास्तरकीच्या पोटात. शिवाय गावातल्या दुकानांच्या पाट्या. ‘दंतवैद्य’ ह्या पाटीतला ‘द्य’ मामा इतका सुंदर काढीत की बाहेरगावचे वैद्य तो बघायला येत. मामा मात्र त्या पाट्यांखाली सही करीत नसत.

स्नेहसंमेलनाच्या पडद्यांवरून आठवले. रविवर्म्यांचा छापखाना आणि नाटकाचा पडदा, ह्या दोन ठिकाणांहून आपल्याकडे सिनेमा जन्माला आला आहे, आणि दोन्ही वेळा त्याच्या मुळाशी चित्रकाराची पोटाची धडपड आहे. दादासाहेब फाळके जे. जे. चे विद्यार्थी. लोणावळ्याला रविवर्मा प्रेससाठी ते शिळाछापाची कामे करीत. पुढे स्वतःचा ठोकळ्यांचा नि छपाईचा कारखाना काढला, तो लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून नावारूपाला आला, १९०९ साली जर्मनीला जाऊन रंगीत छपाई पाहून आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर हात झाडून बाहेर पडले. चाळिशी उलटलेला, हातात कारखाना नसलेला हा छापखानेवाला. त्याने पत्नीचे दागिने आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. रविवर्म्यांचे देव हलू लागले एवढेच.

कोल्हापूरकडची तऱ्हा निराळी. तिथे आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या पदरी होते. १९२२ साली महाराज गेले आणि आबालालांनी आपली चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. त्याच गावात आनंदराव आणि बाबुराव हे मिस्त्री घराण्यातले बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळवीत होते. इतके की आडनावच पेंटर पडले. पडद्याचा धंदा म्हणजे मजुरीचा धंदा. नाटक मंडळी गावोगाव फिरे, पडदा गुंडाळून नेई, आणि राजवाडा, रस्ता, जंगल ह्यांवर टाळ्या पडत तेव्हा पेंटर कोल्हापुरात दुसऱ्या मंडळीचे जंगल रंगवीत असे. आनंदराव १९१६ साली गेले. बाबुरावांनी घरच्या घरी कॅमेरा तयार केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा कुणी दिला? सरदाराने नाही, सावकाराने नाही. तानीबाई कागलकर ह्या गायिकेने दिला. आपल्या कलेवर मिळवलेली पुंजी एका बाईने दुसऱ्याच्या न पाहिलेल्या कलेवर लावली. आपल्या कलेच्या इतिहासात ह्या गोष्टीला एखादे वाक्य मिळते. मला विचाराल तर तिच्यावर स्वतंत्र पुस्तक हवे. १९२० साली ‘सैरंध्री’ लागला. आनंदराव-बाबुरावांच्या हाताखाली रंगात हात बुडवलेले दामले आणि फत्तेलाल १९२९ साली बाहेर पडून प्रभातमध्ये भागीदार झाले; नोकर नव्हे, मालक. बाबुराव मात्र शेवटी पुन्हा रंग आणि शिल्प ह्यांच्याकडेच आले. १९५४ साली ते वारले.

आता मामांच्या कृष्णाकडे येतो.

१९५२ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांनी एक चित्र काढले: यमुनेच्या काठी पाठमोरी गाय, तिच्या मानेवर रेललेला बाळकृष्ण, बासरी कमरेला खोचलेली. बासरी वाजवणारा कृष्ण सगळेच काढतात, वाजवून दमलेला कृष्ण कुणी काढत नाही, असे त्यांचे म्हणणे. मुंबईच्या एका कॅलेंडरवाल्या प्रकाशकाने ते चित्र साठ रुपयांना घेतले. पावतीवर ‘सर्व हक्कांसह’ असे शब्द होते. मामांनी सही केली. साठ रुपये हा तेव्हा महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा होता.

तो कृष्ण चालला. आधी एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवर, मग सराफाच्या, मग विडीवाल्याच्या. पहिल्या छपाईत कोपऱ्यात मामांची बारीक सही होती. पुढे ती गेली. कुणीतरी कमरेची बासरी काढून ओठांशी दिली. गायीच्या गळ्यात घंटा आली. छपाई दूर दक्षिणेत शिवकाशीला होऊ लागली तेव्हा रंग भडक झाले. १९७१ साली मी आणि मामा हुबळीला एका लग्नाला गेलो होतो. स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात तो कृष्ण भिंतीवर होता. मी ओरडलोच, “मामा, तुमचा!” मामा उठून जवळ गेले, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “निळा बिघडवला रे.” बस्स. मालकाला आपण कोण ते त्यांनी सांगितले नाही. मीच सांगायला निघालो तर हात धरला. “त्याने पैसे देऊन घेतलंय,” ते म्हणाले. “मीही पैसे घेऊन दिलंय.” हा न्याय मला तेव्हा पटला नव्हता, आजही पुरता पटलेला नाही.

कारण त्याच काळात, त्याच धंद्यात, दुसरी वाट काढणारा माणूस मुंबईत होता. दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे, जन्म १९१६ चा, म्हणजे मामांच्याच वयाचे. जाहिरात, कथाचित्र, पुस्तकांची वेष्टणे हे सगळे त्यांनी केले. पण १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक काढला. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला त्याला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती, अंकात चित्रकार असे, अंक चित्रकाराचा नसे. दलालांच्या अंकात मोठमोठे लेखक लिहीत आणि लोक तो घेत दलालांची चित्रे पाहायला. रविवर्म्यांना जे कारखान्याच्या अंगाने साधले नाही ते दलालांनी वर्षातून एकदा, कागदाच्या एका गठ्ठ्यापुरते साधले: चित्र त्यांचे, अंक त्यांचा, खाली नाव त्यांचे. १९७१ सालच्या जानेवारीत ते गेले. आम्ही हुबळीला गेलो त्याच वर्षी. (ह्या अंकाचे मुखपृष्ठ कोणाचे, हे किती वाचकांनी पाहिले, असे विचारण्याचा मोह मी आवरतो.)

मग मामांनी तसे काही का केले नाही? हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे त्यांच्यावर मनातल्या मनात रोखून धरला होता. पण दिवाळी अंकाला जाहिराती मिळवाव्या लागतात, कागद उधार आणावा लागतो, विक्रेत्यांकडून वसुली करावी लागते. दलालांना मुंबई होती, आणि त्या कामाचा जीव होता. मामांना पेन्शनला सहा वर्षे उरली होती आणि दोन मुलींची लग्ने व्हायची होती.

अलीकडे चित्रांच्या किमती वर्तमानपत्रात येतात. वासुदेव गायतोंडे जे. जे. चेच, २००१ साली ते दिल्लीत वारले, आणि २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेले. आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात १९९४ पासून एक कलम आहे: मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यात वाटा मागता येतो, फार तर शेकडा दहा. मी हे कलम एका वकील मित्राला दाखवले आणि मामांच्या कृष्णाबद्दल विचारले. तो हसला. कलम मूळ चित्रासाठी आहे, प्रतींसाठी नाही. शिवाय हक्क तर पावतीवर सही करून गेलेले. मूळ चित्र कुठे आहे, हे त्या प्रकाशकाच्या वारसांनाही ठाऊक नाही.

मामा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक हिशेबाची वही निघाली. १९४० पासूनची सगळी कामे त्यांनी तीत मांडली आहेत: कोणाची पाटी, किती अक्षरे, किती पैसे, उधारी किती राहिली. पाट्यांच्या नोंदी पानेच्या पाने आहेत. १९५२ च्या जून महिन्यात एक ओळ आहे: ‘श्रीकृष्ण, १. रु. ६०. रोख.’ तिच्या खालची ओळ त्याच दिवसाची: ‘निळा रंग, विलायती, दोन ट्यूब. रु. ४॥.’